एकशे चौऱ्याऐंशी पदर

बाबूजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली. मी "त्यात काय एवढं" असं म्हणालो. माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यातले यच्चयावत मनस्ताप याच तीन शब्दांपासून सुरू झालेले आहेत. गच्चीवरची पाण्याची टाकी मी स्वतः बसवायला घेतली तेव्हा हेच म्हणालो होतो. ती टाकी आज शेजाऱ्यांच्या गच्चीवर आहे आणि ती तिथे कशी गेली याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही.

बाबूजी म्हणजे माझे वडील यादोराव रहांगडाले, वय एकोणऐंशी. उजवा डोळा जुन्या दुखण्यात गेलेला, आणि डाव्यात मोतीबिंदू इतका पिकलेला की तीन वर्षांपासून त्यांना माणसांऐवजी नुसत्या सावल्या दिसत. ऑपरेशनला मात्र ते तयार होत नव्हते. "आता पाहाचं का राह्यलं?" एवढंच त्यांचं म्हणणं. समजावून समजावून मी थकलो, डॉक्टर थकले, गोंदियातले निम्मे नातेवाईक थकले. शेवटी माझ्या बायकोने, दुर्गेश्वरीने, ताटात भात वाढता वाढता सहज विचारलं, "बाबूजी, डोळा बरा झाला तर तुम्हाला काय पाहावंसं वाटेल?"

बाबूजींचा घास हातात राहिला. मग हळूच म्हणाले, "कुंताले पाहीन."

कुंता म्हणजे माझी माय. ती १९८५ साली गेली.

"पट्टी सुटली का पयले तिचा फोटो दाखवजो," बाबूजी म्हणाले. "दोन मयने झाले, तिचा चेहरा आठवून राहिलो. भुवईवरची खूण तेवढी ध्यानात येते. बाकीचं काहीच येत नाही गा."

माझे वडील असं कधी बोलत नाहीत. आणि अशा वेळी मी जे करतो तेच केलं. मी म्हणालो, "त्यात काय एवढं. भिंतीवर आहे ना फोटो."

असं म्हणून मी भिंतीकडे पाहिलं.

चोवीस वर्षं तो फोटो तिथे टांगलेला होता. दर वर्षी पितृपक्षात मी स्टुलावर चढून त्याला नवा हार घालत होतो. फोटोत माय सरळ उभी आहे, हात पुढे धरलेले आहेत, आणि पदर हनुवटीपर्यंत ओढलेला आहे. चोवीस वर्षं आम्ही एका पदराला हार घालत होतो आणि घरातल्या एकाही शहाण्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. मी फोटो खाली काढून पुसला. पुसल्यावर पदर जास्त स्वच्छ दिसू लागला.

ऑपरेशनला अकरा दिवस होते.

आता हे असं का झालं ते सांगायला हवं. आमच्या घरची रीत अशी की धाकट्या भावाची बायको मोठ्या भावासमोर चेहरा उघडा ठेवत नाही. हा मोठा भाऊ म्हणजे तिचा भासरा. भासऱ्यालाही नियम असतात. घरात शिरण्याआधी त्याने दाराबाहेर खाकरायचं, म्हणजे आतल्या सुनेला पदर ओढायला वेळ मिळतो. तिच्या हातून कोणतीही वस्तू थेट घ्यायची नाही. तिने खाली ठेवावी, मग याने उचलावी. तिला आणि तिच्या वस्तूंना हात लावायचा नाही. आमचे मोठे बाबा सेवकराम, म्हणजे बाबूजींचे मोठे भाऊ आणि मायचे भासरे, हे सगळे नियम सरकारी परिपत्रकासारखे पाळत.

आणि याच मोठ्या बाबांनी १९६४ साली कॅमेरा घेतला होता. आमच्या गावातला, कामठ्यातला, पहिला. डब्यासारखा, पोटाशी धरून वरून वाकून पाहायचा. त्या कॅमेऱ्याला त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. म्हणजे घरात कॅमेरा एक, तो धरणारा माणूस एक, आणि तो माणूस भासरा. फोटो काढायला मोठे बाबा समोर उभे राहिले की माय पदर ओढणार, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. एवढं साधं गणित मला सुटायला चोवीस वर्षं लागली, आणि मी कचेरीत हिशेब तपासतो.

रविवारी सकाळी मी पत्र्याची पेटी काढली आणि सगळे फोटो बैठकीत सतरंजीवर मांडले. दुर्गेश्वरी, आमची कॉलेजात जाणारी प्राची आणि मी असे तिघे ओणवे झालो. एकूण फोटो एकशे चौऱ्याऐंशी. माय एक्केचाळीस फोटोंत सापडली. एक्केचाळीस वेळा पदर. बाकीच्या फोटोंत मोठ्या बाबांच्या इतर भावजया, त्यांचेही पदर. ते फोटो पाहून परक्या माणसाला वाटावं की या कुटुंबातल्या बायकांना डोकी नव्हती.

बैलांना मात्र होती. पोळ्याच्या फोटोतले बैल इतके स्पष्ट आले आहेत की आज रस्त्यात भेटले तर मी ओळखीन. मोठे बाबा प्रत्येक फोटोच्या मागे शाईने लिहून ठेवत. प्राचीने एक उलटवून वाचला. "लाख्या, चांद्या. मागे यादोची घरची." मग ती म्हणाली, "बाबा, बैलांची नावं आहेत. आजीचं नाही." मी म्हटलं, त्या काळी तसंच लिहीत. हे उत्तर मला स्वतःलाही पटलं नाही.

पण फोटो पाहता पाहता एक गोष्ट झाली. चेहरा नसतानाही मी तिला ओळखत होतो. पाच बायका एका रांगेत उभ्या असल्या तरी माझं बोट बरोबर तिच्यावर जात होतं. ती उजवं पाऊल थोडं आत वळवून उभी राहायची. दोन्ही हातांत भांडी असली की पदराचं टोक दातांत धरायची. धानाच्या पुंजण्याजवळचा, म्हणजे गंजीजवळचा, एक फोटो आहे, त्यात तिने माझा कान धरलेला आहे आणि मी हललेला असल्यामुळे माझ्या जागी नुसता धूर दिसतो. त्या दिवशी मी काय केलं होतं ते मला आठवलं. तिचा आवाज आठवला. बोटांना येणारा लसणाचा वास आठवला. मग मी डोळे मिटून चेहरा आठवायला गेलो, आणि पदर आठवला.

मी तेवीस वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. आपल्याला आईचा चेहरा पाठ आहे अशी माझी समजूत होती. सतरंजीवरून उठायला वेळ लागला त्याचा दोष गुडघ्यांना दिला.

सोमवारी सकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. भिंतीपलीकडे रामलालजी राहतात. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सल्ला देणं हे पूर्णवेळ काम केलं आहे. "अरे भाईसाहब, इतनी सी बात? व्होटर कार्ड निकालो, उसमें तो चेहरा दिखाना ही पडता है." मी सांगितलं की माय गेली तेव्हा फोटोवालं व्होटर कार्ड निघालं नव्हतं. "तो माहिती का अधिकार डालो," ते म्हणाले. कशाबद्दल, असं मी विचारलं नाही. असे अर्ज आमच्या कचेरीतही येतात आणि त्यांची उत्तरं मीच लिहितो, त्यामुळे तो मार्ग किती लांबचा आहे हे मला ठाऊक होतं.

समोरच्या निर्मलाबाईंचा सल्ला मात्र बिनतोड होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, बाई सासरी पदर घेते. माहेरी कायले घेईल? तिच्या भावाकडे जा ना."

हे मला का सुचलं नाही याची खंत करत मी मंगळवारी सालेकसाची पॅसेंजर पकडली. त्या दिवसांत तिथल्याच कचारगडची जत्रा सुरू होती हे मी विसरलो होतो. डब्यात पिवळे झेंडे, ढोल आणि माणसंच माणसं. एका म्हाताऱ्या बाईने नारळांचं पोतं माझ्या पायावर ठेवलं आणि सालेकसापर्यंत ते तिथेच राहिलं. ती अधूनमधून माझ्याकडे पाहून प्रेमाने हसत होती, त्यामुळे काही बोलताही येईना.

मामा योगराज मला पाहून हरखले. "ताईचा फोटो? हाय ना गा. माह्या लग्नातला हाय. या आंगणातला," असं म्हणत त्यांनी कपाटातून फ्रेम काढली, धोतराने पुसली आणि माझ्या हातात दिली. फोटोत मामा बाशिंग बांधून उभे. शेजारी माझी माय. स्वतःच्या माहेरी, स्वतःच्या अंगणात, सख्ख्या भावाच्या लग्नात, हनुवटीपर्यंत पदर घेऊन.

"मामा, हा फोटो काढला कोणी?"

"तुह्या मोठ्या बाबानं. आमच्या गावात कॅमेरा कोनाजवळ होता? चिठ्ठी लिहून बलावलं होतं त्यायले. लय मान ठेवला त्यायनं, दोन दिवस राहिले."

मामींनी जेवायला घातलं, आग्रह करकरून वाढलं, निघताना पाच किलो पोहे बांधून दिले. परतीच्या गाडीत ते पोहे मी मांडीवर घेऊन बसलो. पाय ठणकत होता.

बुधवारी मला आणखी एक कल्पना सुचली, आणि ती माझी स्वतःची होती हे कबूल करणं भाग आहे. १९७९ ते ८४ माय ग्रामपंचायतीत महिला सदस्य होती. सदस्यांचा एक ग्रुप फोटो सरकारी माणसाने येऊन काढला होता आणि तो तालुक्याच्या एका कचेरीत लावलेला मी तेव्हा पाहिला होता. सरकारी फोटोग्राफर हा कोणाचाही भासरा नसतो. मी अर्धी रजा टाकली.

तिथल्या कारकुनाने मला अर्ज लिहायला सांगितलं. मी लिहिला. त्याने विचारलं, "मृत व्यक्तीचा फोटो कोणत्या कामासाठी?" मी म्हटलं, पाहण्यासाठी. तो म्हणाला, असा रकाना नाही. साहेब दौऱ्यावर, चावी शिपायाकडे, शिपाई जेवायला. मी बाकावर बसून राहिलो. वीस वर्षं मी लोकांना असाच बाकावर बसवत आलो आहे आणि तो बाक इतका टणक असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी साडेचारला अडगळीची खोली उघडली, आणि कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवलेला तो फोटो निघाला. काच फुटकी होती, पण माणसं शाबूत. खुर्च्यांवर नऊ जण. उजवीकडे शेवटी माय, पदर हनुवटीपर्यंत.

आणि मधोमध, सरपंचाच्या खुर्चीवर, मिशीला पीळ देऊन मोठे बाबा.

मोठे बाबा तेव्हा सरपंच होते हे मी विसरलो होतो असं नाही. फक्त या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या. कारकून म्हणाला, "झालं का काम?" मी हो म्हणालो.

आता चार दिवस उरले होते, आणि थकलेला माणूस करतो तशी गोष्ट मी केली. स्टेशनजवळ भोजराजचा फोटो स्टुडिओ आहे. तो म्हणाला, "सर, टेन्शन काऊन घेता? कॉम्प्युटरवर पदर हटवून देतो. खाली कोणाचा तरी चेहरा बसवला का झालं. घरात कोणी आजीसारखं दिसते का?" प्राची आजीसारखी दिसते असं सगळे म्हणतात. कशावरून म्हणतात हे आता विचारण्यात अर्थ नव्हता. बाबूजींना तरी नक्की काय आठवतंय, असा एक नीच विचारही माझ्या मनात येऊन गेला. मी प्राचीचा फोटो दिला.

दुसऱ्या दिवशी भोजराजने जे हातात ठेवलं ते घरी नेलं. नऊवारी लुगडं, हातात कासांडी, आणि वर ब्यूटी पार्लरमधून नुकतीच आलेली प्राची. खरी प्राची तो पाहून म्हणाली, "बाबा, ही मी आहे. आणि मला हार घालणार आहात तुम्ही." दुर्गेश्वरीने तो फोटो माझ्या हातातून काढून घेतला आणि चुलीऐवजी गॅस असल्यामुळे नाइलाजाने फाडून टाकला. त्या दिवशी मला जेवताना लोणचं मागावं लागलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कामठ्याला गेलो.

मोठ्या बाबांकडे आधीच का गेलो नाही, असं कोणी विचारेल. एक तर ज्या माणसाने नियमानुसार तो चेहरा आयुष्यात पाहिलेलाच नाही त्याच्याकडे काय मिळणार. दुसरं कारण माझ्या इभ्रतीचं आहे. मोठे बाबा मला पाहिलं की एक वाक्य बोलतात, "ओम्याचा हात हालते." माझं नाव ओमेश्वर. हे वाक्य ते माझ्या लहानपणापासून बोलत आले आहेत. माझ्या लग्नात, मी दुर्गेश्वरीच्या गळ्यात मंगळसूत्र बांधत असताना, मंडपभर ऐकू जाईल असं बोलले होते.

पंच्याऐंशी वर्षांचे मोठे बाबा ओसरीवर उन्हात खाट टाकून बसले होते. नजर, कान आणि जीभ तिन्ही जागच्या जागी. मी पाया पडलो. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मी घेताना थोडं सांडलं.

"हालते अजून," ते समाधानाने म्हणाले. "कायले आला?"

मी सगळं सांगितलं. बाबूजींचं ऑपरेशन, मायचा फोटो, मामाचं अंगण, सरपंचाची खुर्ची. प्राचीचं तेवढं सांगितलं नाही. ते ऐकत होते, मध्ये एकदाही बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण आहे.

मग म्हणाले, "आत जा. माह्या संदुकीत पावडरचा डबा हाय. त्यात निळ्या कागदाची पुडी हाय. उघडजो नोको. इथी आण."

मी पुडी आणली. त्यांनी ती हातात घेतली नाही. खाटेकडे बोट दाखवलं, मी ठेवली.

"एकाहत्तर साली तुले एक झापड मारली होती. ध्यानात हाय?"

झापडा मला बऱ्याच बसलेल्या आहेत, साल लावून मी ठेवलेल्या नाहीत. त्यांनी आठवण करून दिली. घरामागच्या सांदवाडीत ते नव्या वासराचा फोटो काढत होते. वासरू पळालं. त्याला धरायला जाताना त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, मला नऊ वर्षांच्याला, आणि बजावलं, "धरून राय. हात हालवू नोको." ते गोठ्यामागे गेले. पुढचं मग मलाच आठवत गेलं. माय तिथेच गवत टाकत होती. भासरे दिसेनासे झाले तसा तिने पदर मागे टाकला, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्या गळ्यातलं ते धूड पाहून तिला हसू आलं. आणि माझ्या बोटाने कळ दाबली गेली. खटका ऐकून मोठे बाबा आले आणि एक फोटो वाया घालवला म्हणून त्यांनी मला झापड मारली. गवताचा वासही आठवला आणि गालही आठवला.

"रोल गोंदियात धुवाले दिला," मोठे बाबा म्हणाले. "मी पयले निगेटिव आणो, उनात धरून पाहो, मंग ज्याचा कागदावर पाहिजे त्याचा काढाले सांगो. या निगेटिवात दिसलं का पदर नाही. तसाच मुडपला अना पुडीत बांधला. मंग कोनाले दाखवला नाही."

"म्हणजे तुम्ही पाहिलं होतं?"

"निगेटिवात काळं दिसते मानूस, केस पांढरे दिसतेत. ते काही पाहानं नोहे." ते जरा रागावले. "पुडी बांधली ते बांधली. पुन्हा उघडली नाही."

अडतीस वर्षं. मी विचारलं, "मग फेकून काऊन नाही दिला?"

"घरची सून," मोठे बाबा म्हणाले. "फेकाची कशी?"

मी पुडी खिशात घालून बसस्टँडवर आलो. बस यायला दीड तास लागला, आणि तेवढा वेळ मी खिशावरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबूजींचं ऑपरेशन छान झालं. पट्टी तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोडायची होती. भोजराजकडे निगेटिव्ह दिला. त्याच्या अंधाऱ्या खोलीत आता मंडपाच्या खुर्च्या ठेवलेल्या होत्या आणि फोटो मोठा करायच्या जुन्या यंत्रावर पाण्याचा माठ होता. "काही हरकत नाही सर, स्कॅन मारतो," तो म्हणाला. पट्टीच्या दिवशी सकाळी नऊला मी फोटो आणायला गेलो.

फोटोतली बाई गोरीपान होती. ओठ गुलाबी होते. मागे गोठ्याच्या जागी बर्फाचे डोंगर होते.

"निगेटिव लय खराब होता सर. भुवईवर मोठा ओरखडा होता, तो पण साफ करून टाकला," भोजराज अभिमानाने म्हणाला.

आयुष्यात मी कोणाच्या टेबलावर हात आपटलेला नाही. त्या दिवशी आपटला. टेबलावर चहा होता आणि शेजारी कीबोर्ड होता, हे आपटल्यानंतर दिसलं. मग कीबोर्ड उलटा करून निथळवणं, पंख्याखाली धरणं, शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून दुसरा मागून आणणं, तो न चालणं आणि मग चालणं, यात दहा वाजून गेले. मी खुर्ची ओढून भोजराजच्या शेजारी बसलो आणि एकेक गोष्ट परत आणवली. गोठा आला. घाम आला. काळा रंग आला. शेवटी डाव्या भुवईवर तिरपी खूण आली. मग मी चोवीस वर्षांनी तिचा पूर्ण चेहरा पाहिला. त्याबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही. भोजराजने मला पाणी दिलं, आणि नव्या कीबोर्डापासून लांब बसवलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. वॉर्डच्या दाराशी दुर्गेश्वरी पदराचं टोक पिळत उभी. आत डॉक्टर संतापलेले. "देखिए, पट्टी दस बजे खोल दी. ये आंख ही नहीं खोलते. डेढ घंटा हो गया. मैं रिपोर्ट में क्या लिखूं?"

बाबूजी पलंगावर ताठ बसले होते. पट्टी निघालेली, आणि दोन्ही डोळे लहान मुलासारखे गच्च मिटलेले.

"बाबूजी, डोळे उघडा ना."

"आणला का?"

"आणला."

"माह्या समोर धर. मंग उघडतो."

मी धरला. त्यांनी डोळा उघडला. पाणी आलं, डॉक्टर पुसायला पुढे झाले तर बाबूजींनी त्यांचा हात बाजूला केला. बराच वेळ पाहिलं. मग फोटोतल्या भुवईला बोट लावलं.

"पोरगीच होती गा," ते म्हणाले. "एवढी लहान होती? मी तिले बुढी समजून राहिलो होतो." आणि ते रडायला लागले. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टर आठवडाभर सांगत होते, पण ते आता खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

एवढ्यात दाराबाहेर कोणीतरी मोठ्याने खाकरलं.

ते खाकरणं मी झोपेतही ओळखीन. आणि बाबूजींनी, एकोणऐंशी वर्षांच्या आणि दीड मिनिटापूर्वी दृष्टी मिळालेल्या माणसाने, खांद्यावरचा दुपट्टा झटकन ओढून फोटोवर टाकला.

मोठे बाबा काठी टेकत आत आले. कामठ्याहून एकटेच, बसने. खुर्चीवर बसले. "दिसते का?" त्यांनी विचारलं. "दिसते," बाबूजी म्हणाले. दुपट्टा मध्ये पडलेला होता आणि दोघेही त्याच्याकडे पाहत नव्हते. मोठ्या बाबांनी धानाचं विचारलं, ते विकून महिना झाला होता. शेवटी ते काठी घेऊन उठले.

"दादा," बाबूजी म्हणाले, "पाहून घे."

"नाही गा."

"पदरातून सगळं दिसते. ती तुले रोज पाहे, तुह्या मिशीले हासे. तूच पाहाचा राह्यला."

मोठे बाबा उभेच होते. मग ते पुन्हा खुर्चीवर टेकले, चष्मा काढून धोतराने पुसला, परत लावला.

"ओम्या, तू धर," ते म्हणाले. "माह्या हाती देजो नोको."

मी दुपट्टा बाजूला केला आणि फोटो त्यांच्या समोर धरला. ते पुढे वाकले, पूर्वी कॅमेऱ्यात वाकून पाहत तसे.

"उजेड बरोबर आला," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "हे भुवईवर का हाय?"

"चौकट लागली," बाबूजी म्हणाले. "नवीन होती तवा. तू बाहीर खाकरला, ती घाईनं पदर ओढून आत पयाली. समोरचं दिसलं नाही."

मोठ्या बाबांनी मान वर केली नाही.

"मले कोनी सांगितलं नाही," ते म्हणाले.

ते फोटो पाहत राहिले. मी किती वेळ धरून उभा होतो कोण जाणे, खांदा दुखायला लागला होता.

"हात हालवू नोको, ओम्या," मोठे बाबा हळूच म्हणाले. "मले नीट पाहू दे."

मी दुसऱ्या हातानेही फोटो धरला. तरी तो हलतच होता.